मदत हवी आहे: मोखाड्याच्या बाळाची हृदयशस्त्रक्रिया, परळजवळ राहण्याची सोय

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या बांधकामावर मोखाडा तालुक्यातल्या पाड्यावरचं एक जोडपं कामाला आहे. त्यांच्या चौदा महिन्यांच्या मुलाच्या हृदयाला छिद्र आहे. दूध पिताना त्याच्या कपाळावर घाम येतो, दम लागला की मध्येच पिणं सोडतो आणि रडतो. वजन वाढतच नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, पण दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात. पथक गावात, मूल भिवंडीत! हे बाळही असंच निसटलं. गावाकडच्या एका दवाखान्यात तर सर्दीचं औषध देऊन परत पाठवलं होतं. फार वाईट वाटतं.

आता परळला इको (हृदयाची सोनोग्राफी) झाली, डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणतात. अडचण अशी की पिवळ्या रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही. मोफत उपचाराच्या सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी जन्मदाखला चालेल का? की नाव चढवायला मोखाड्यालाच जावं लागेल? मजुरी बुडवून जाणं त्यांना परवडत नाही.

दुसरं, वॉर्डात फक्त आईला थांबू देतात. वडिलांना, आणि नंतर तपासण्यांसाठी तिघांनाही, धुळीपासून लांब जागा हवी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरव्यतिरिक्त इतर पेशंटना घेते का?

पैसे नकोत. कोणी आरोग्यमित्र (या योजनेचे हॉस्पिटलातले मदतनीस) किंवा हॉस्पिटलातले समाजसेवा अधिकारी ओळखीचे असतील तर कृपया मेसेज करा. ॲडमिशन पुढच्या आठवड्यात आहे.