मदत हवी आहे: नोकरी करणाऱ्या फार्मासिस्टच्या पाठीशी आयपीए उभी राहते का?

मंडळी, मी डी.फार्म. (फार्मसीची पदविका) आहे, राज्य फार्मसी परिषदेत नोंदणी आहे आणि तालुक्याच्या गावी एका मेडिकलमध्ये नोकरी करते. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन या फार्मासिस्टांच्या संघटनेची, म्हणजे आयपीएची, सभासद व्हावं का ते ठरवायचंय.

अडचण अशी. लोक चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागतात. मी नाही म्हणते. मग मालक म्हणतात, "दे गं, समोरचे देतातच." शेड्यूल एच१ या सरकारी यादीतल्या औषधांची (त्यात बरीच अँटिबायोटिक येतात) २०१४ पासून वेगळ्या रजिस्टरला नोंद करावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चिठ्ठीच नसेल तर डॉक्टरांच्या रकान्यात मी काय लिहू? तपासणीला कोणी आलं तर उत्तर मलाच द्यावं लागणार. आणि अर्धवट घेतलेल्या गोळ्यांचा त्रास शेवटी त्या पेशंटलाच होतो, हे मला जास्त लागतं.

जायचं कुणाकडे? परिषदेचं काम नोंदणीचं आणि शिस्तीचं. पगार देणाऱ्याशी झालेला वाद ती सोडवेल असं वाटत नाही. केमिस्टांची संघटना दुकानदारांची, तिथे मालकच सभासद.

उरली आयपीए. ती १९३९ची, म्हणजे १९४८च्या फार्मसी कायद्याच्याही आधीची. मुख्यालय मुंबईत, कलिन्याला. कॉलेजात असताना तिचं नाव फक्त नोव्हेंबरच्या फार्मसी सप्ताहात ऐकायचो. पोस्टर, रॅली, भाषणं, झालं. पण मुंबईत मेडिकलमधल्या फार्मासिस्टना टीबीच्या डॉट्स उपचारासाठी (पेशंटने गोळ्या कुणाच्या तरी देखरेखीखाली घ्यायच्या) तिने प्रशिक्षण दिलं, हे कळल्यावर आशा वाटली. काउंटरवर उभं राहणाऱ्यांचा विचार तिथे होतो म्हणायचा!

तुमच्यापैकी कोणी दुकानात नोकरी करत असून सभासद आहे का? अशा प्रसंगी स्थानिक शाखेने मालकाशी बोलणं, निदान लेखी मार्गदर्शन देणं, असं काही केलंय का? 'चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही' असा संघटनेच्या नावाचा मराठी फलक मिळत असेल तर तोही चालेल. भिंतीवर लावला तर मालकांनाही गिऱ्हाइकाला नाही म्हणणं सोपं जाईल. जिल्ह्याच्या ठिकाणी शाखा नसेल तर थेट मुंबईला लिहिलेल्या पत्राला उत्तर येतं का?

नोकरी सोड, हा सल्ला कृपया नको. घर याच पगारावर चालतं, आणि हे काम मला मनापासून आवडतं.