कोरफडीचा पिवळा चीक पूर्ण कसा काढायचा? (मदत हवी आहे)

मंडळी, कुंडीतली कोरफड मस्त फोफावली आहे. भाजलं-खरचटलं की गर लावतो, गार वाटतं, तिथे तक्रार नाही. घोटाळा झाला पोटात घेताना. बद्धकोष्ठावर चमचाभर गर बरा असं ऐकून पान सोललं आणि गर तसाच गिळला. कडूजहर! मग दुपारभर पोटात असा मुरडा की विचारू नका.

नंतर शोधल्यावर कळलं की एकाच पानात दोन निराळ्या वस्तू असतात. मधला पारदर्शक गर, जो जवळजवळ सगळा पाणीच. आणि सालीला लागून पिवळा चीक, त्यात जुलाब करणारं कडू द्रव्य अ‍ॅलॉइन. हा चीक आटवून वाळवला की काळा बोळ. वैद्य पोट साफ करायला आणि अडलेली पाळी यायला देतात तो हाच, रजःप्रवर्तनी वटीतही असतो. म्हणजे मी नकळत जुलाबच घेतला! अमेरिकेत तर २००२ साली कोरफडीची रेचकं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिला नाही.

चीक पूर्ण निघालाय हे कसं ओळखायचं? शिवाय सासूबाईंनाही गर सुरू करायचाय. त्या रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात. चालेल का?

प्रतिसाद: कापलेलं टोक खाली करून पान उभं ठेवा, चीक निथळू द्या. सोलताना सालीलगतचा थर मोह न धरता सोडा, मग गर धुवा. कडू लागला तर टाकून द्या. पण कडू नाही म्हणजे अ‍ॅलॉइन शून्य, असं घरी ठरवता येत नाही. म्हणून मी फक्त वरून लावते, तेही भाजल्यावर आधी २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून. खोल जखमेवर नाहीच.

सासूबाईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जुलाबाने पोटॅशियम उतरतं, लघवीच्या बऱ्याच गोळ्यांनीही उतरतं. दोन्ही एकदम झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. गरोदर बाईनेही पोटात घेऊ नये.

धागाकर्ती: धन्यवाद! सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "बरं, मग केसांना तरी लावू दे."