'वागिना नातिओनुम' : म्यान, कूस की अजून काही?

उंबरठा : गॉथ या प्राचीन युरोपातल्या लोकांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय, एका शब्दावर गाडी अडलीय. योर्डानेस नावाच्या इतिहासकारानं सन 551 च्या सुमारास लॅटिनमधे त्यांचा इतिहास लिहिला, त्यात गॉथ उत्तरेच्या स्कांझा बेटावरून निघाले (म्हणजे स्कँडिनेव्हिया, तेव्हा ते बेटच समजायचे), बेरिग राजाबरोबर तीन जहाजांतून आले वगैरे. त्या बेटाला तो 'ओफिकिना गेन्तिउम' म्हणतो, ते मी 'जमातींचा कारखाना' केलं. पण पुढचं 'वागिना नातिओनुम'? मी 'राष्ट्रांची कूस' लिहिलं तर संपादक म्हणतात लॅटिनमधे तो शब्द म्हणजे म्यान!

तिरकस : संपादक बरोबर आहेत. आणि 'राष्ट्र' काढा आधी, कसलं राष्ट्र सहाव्या शतकात.

शुद्धमती : कारखाना फारसी, म्यानही फारसी. 'कोश' हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

तिरकस : 'जमातींचा कोश' लिहा, लोक दुकानात जाऊन खंड पहिला मागतील.

काळी_माती : लॅटिनमधे कणसाच्या आवरणालाही हाच शब्द वापरत ना? मग आमच्याकडे 'पोटरी' म्हणतात की. ज्वारी पोटरीत आली म्हणजे कणीस ताटाच्या पोटात आहे, अजून निसवलं नाही. पोटही आलं आणि म्यानही.

उंबरठा : वा! पण शहरी वाचक पायाची पोटरी समजेल हो.

काळी_माती : समजू दे, तळटीप टाका.

गोतावळा : मला कायम वाटतं गॉथ म्हणजे आपलं 'गोत्र'. तेही कुळंच.

तिरकस : गोत्र गाईवरून. त्यांच्या नावाचं मूळ 'गुट', रोमन लेखक प्लिनी 'गुटोनेस' लिहितो. उद्या गोठाही तिकडून आणाल.

गोतावळा : हसा. पण तीन जहाजांची गोष्ट तरी कुठे सिद्ध झालीय? ऐकीव कुळकथाच ती.

पोस्टहोल : जहाजं सापडणार नाहीत, पण उत्खननातून कळलेली पोलंडमधली विएल्बार्क संस्कृती आणि नंतरची युक्रेनकडची चेर्न्याखोव्ह, दोन्हींचा संबंध गॉथांशी लावतात. म्हणून अख्खी जमात एका दमात समुद्र ओलांडून आली असं होत नाही, छोटे गट, वाटेत मिसळलेले लोक, असंही असेल. त्यामुळे 'स्थलांतर' शब्दसुद्धा जपून वापरा.

जुन्नरी : अहो लांब कशाला, जुन्नरच्या लेण्यात 'यवनस इरिलस गतान' (म्हणजे 'गतांपैकी इरिल या यवनाचं') असा लेख आहे, दोन पोढी म्हणजे पाण्याची टाकी दान दिल्याचा. नॉर्वेच्या स्टेन कोनो या अभ्यासकानं 1912 मधे म्हटलं होतं की हे 'गत' म्हणजे गॉथ!

शुद्धमती : बघा, 'पोढी'. किती सुंदर शब्द, आणि आपण टाकी म्हणतो.

तिरकस : मूळ 'गुट' असेल तर 'गुतान' हवं. उकार कुठे गेला?

जुन्नरी : दोन हजार वर्षं पाऊस खातोय तो दगड, झिजला असेल.

तिरकस : 'रि'ची वेलांटी बरी टिकली मग.