मिलवॉकीचा शुक्रवार: तिथे राहिलेल्यांनो, आठवणी लिहा

रवाफ्राय:
दुपारी सुरमई तळत होते. रव्याचा वास सुटला आणि एकदम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीचा शुक्रवार आठवला. तिथे शुक्रवार म्हणजे फिश फ्राय. जर्मन आणि पोलिश कॅथलिक वस्ती जुनी, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून मासे. आता नेम पाळणारे असोत वा नसोत, अख्खं गाव मासे खातं. कॉड नाहीतर पर्च, सोबत बटाट्याचे पॅनकेक, सफरचंदाचा सॉस, राय ब्रेड, कोलस्लॉ. टेबल मिळायला तासभर सहज लागायचा. तोवर बारपाशी उभं राहून ब्रँडी ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल. इतरत्र ते व्हिस्कीत करतात, विस्कॉन्सिनात ब्रँडीच.

आमचा पहिला हिवाळा होता, गावात ओळखीचं कुणी नाही. त्या रांगेत एका आजींनी विचारलं, "पहिल्यांदाच आलात?" आणि नंतर आम्हाला आपल्याच टेबलावर बसवून घेतलं. पॅनकेकवर सॉस कसा घ्यायचा तेही दाखवलं. पुढे सात वर्षं होतो तिथे, पण मिलवॉकी म्हटलं की मला त्या आजीच दिसतात.
तुम्हीही लिहा.

उत्तरकाठ:
ओल्ड फॅशन्ड स्वीट (गोड) की सावर (आंबट) ते लिहिलंच नाहीस! आमच्या घरी दोन तट होते, हे सावरवाले, मी स्वीटवाली. तळाशी ठेचलेलं संत्रं आणि चेरी मी चमच्याने खायचे.

सायकलवाला:
समरफेस्ट हा संगीत महोत्सव कसा विसरलात? १९६८ पासून चालू आहे, मिशिगन लेकच्या अगदी काठावर. लोक बाकांवर उभे राहून नाचतात. गावात घामाच्या धारा आणि लेकजवळ हुडहुडी. जूनमध्ये शाल घेऊन गेलेली आई सगळ्यांत शहाणी ठरली.

माईचीलेक:
जरा वेगळं विचारते. मुलगी ऑगस्टमध्ये तिथल्या मार्क्वेट विद्यापीठात चाललीये. थंडीचे कपडे इथूनच घेऊन देऊ का? सासूबाईंनी दोन स्वेटर विणून ठेवलेत.

सायकलवाला:
स्वेटर नक्की द्या ताई. जाड कोट आणि बूट मात्र तिथेच घेऊ देत.

शाकाहारी_पण_खुश:
मासे खात नाही, तरी शुक्रवारी जायचोच. चीज कर्ड्स, म्हणजे चीजचे छोटे तुकडे! ताजे असले की दाताखाली चुईचुई वाजतात. तळलेले तर विचारू नका. आणि लिऑन्सचं आइस्क्रीमसारखं फ्रोझन कस्टर्ड, १९४२ पासूनचं दुकान, रात्री निऑन दिवे लागलेले. (अंडं असतं हं त्यात, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.)

गल्लीक्रिकेट:
ब्रुअर्सची, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाची मॅच. आधी पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून ब्राट्स (जर्मन सॉसेज) भाजायचे, मग आत. सहाव्या इनिंगमध्ये सॉसेजांची शर्यत: ब्राटवुर्स्ट, पोलिश, इटालियन, हॉट डॉग, चोरिझो, माणसं पोशाख घालून खरोखर पळतात. आमचा मुलगा चोरिझोचा भक्त. चोरिझो हरला की गाडीत बसेपर्यंत रडायचा. आता बारावीत आहे.

पाणपोई:
पिण्याच्या पाण्याच्या नळाला तिथे "बबलर" म्हणतात. शिकागोत जाऊन हा शब्द वापरला, कुणालाच कळला नाही. तेव्हा वाटलं, आपण आता मिलवॉकीचे झालो.

लाकडीपिन:
लिंकन अ‍ॅव्हेन्यूवरचा हॉलर हाउस बार! तळघरात दोनच बोलिंग लेन, १९०८ सालच्या. यंत्र नाही, पलीकडे पोरं बसून हाताने पिना उभ्या करतात. गोटीला गोटी लागल्यासारखा लाकडाचा तो आवाज. शनिवारी रात्री दोनला बाहेर पडलो तर ढोपरभर बर्फ, आणि बारमधले चार अनोळखी बाप्ये आमची गाडी ढकलायला आले.

घरचाआहेर:
२० जुलै २०२१, मिलवॉकीच्या बास्केटबॉल संघाने, बक्सनी, ५० वर्षांनी एनबीएचं विजेतेपद मिळवलं. आम्ही तोवर नाशिकला परतलो होतो. इथे तेव्हा २१ ची सकाळ, आदल्या दिवशी आषाढी, मी सकाळी साबुदाणा सोडून वरणभाताचा कुकर लावत मॅच बघत होते. बक्सच्या यानिसचे एकट्याचे ५० पॉइंट! तिथल्या शेजारीण काकूंचा व्हिडिओ कॉल आला, मागे हॉर्न आणि फटाके, आणि आम्ही दोघी रडतोय.

उत्तरकाठ:
@घरचाआहेर अगं, माझ्या अंगावर काटा आला.

माईचीलेक:
सगळं मुलीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, एकटीने फिश फ्रायला गेलं तर चालतं का?

रवाफ्राय:
चालतं म्हणजे काय, जाऊच दे. बारच्या स्टुलावर बस म्हणावं, टेबलाची वाट बघू नको. शेजारी कुणीतरी बोलायला लागतंच. आणि पर्च असेल तर पर्चच घे म्हणावं.