साथ आली की वेशीचं दार आपणच लावायचं, की हुकमाची वाट पाहायची?

पाणवठा

पुन्हा कधीतरी साथ येईल. तेव्हा पहिले पंधरा दिवस वस्ती म्हणून आपण काय करायचं, हे आत्ता डोकं शांत असताना बोलून ठेवावं म्हणून हा धागा काढतोय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: वाट पाहू नये. वस्तीने स्वतःहून ये-जा थांबवावी, आणि उशिरा थांबवण्यापेक्षा लवकर थांबवावी.

कोविडच्या तारखा आठवा. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ३० जानेवारी २०२० ला. ‘जागतिक साथ’ हा शब्द त्यांनी वापरला ११ मार्चला. मध्ये ४१ दिवस गेले. अंतर राखणं शक्य नसेल तिथे सर्वसामान्यांनी मास्क वापरावा, ही त्यांची शिफारस आली ५ जूनला. मी त्यांना दोष देत नाही, पुरावे गोळा व्हायला वेळ लागतोच. पण त्या ४१ दिवसांत ज्या घरात म्हातारं माणूस होतं, त्या घराने काय करायचं होतं?

दुसरं उदाहरण पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांचं. नोव्हेंबर १९१८ मध्ये ‘तालुने’ नावाचं जहाज ऑकलंडहून पश्चिम सामोआतल्या आपिया बंदरात लागलं. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते, तरी उतारूंना उतरू दिलं. सुमारे ८,५०० माणसं गेली, म्हणजे पाचांत एकाहून जास्त. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणारी जहाजं अडवली आणि किनाऱ्यावर गावकऱ्यांनीच पहारा दिला. तिथे त्या साथीने एकही माणूस दगावला नाही. दोन्हीकडे लोक तेच, भाषा तीच, मध्ये जेमतेम समुद्राचा एक पट्टा.

आमच्या वस्तीने २०२० मध्ये सरकारी हुकमाच्या आधीच फाटक लावलं. एका वहीत घरवार यादी केली: कोण एकटं राहतं, कोणाला रोजची औषधं लागतात, कोणाची चौकशी कोण करणार. एकट्या ज्येष्ठांनी सकाळी नऊच्या आत खिडकीला कापड बांधायचं असं ठरलं. नऊनंतर मी खाली उभा राहून खिडक्या मोजायचो. जिथे कापड नाही, तिथे जाऊन दार वाजवायचं. आजही मला वाटतं, आम्ही बरोबर केलं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

सरळरेघ

शंभर टक्के सहमत. नियम लवकर आणि सगळ्यांना सारखा. पहिल्या दिवसापासून अपवाद करत बसलात तर नियम उरतच नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे. पाणवठा, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण दार लवकर लागतं तेव्हा ते कोणाच्या तरी तोंडावर लागतं, आणि ते तोंड कोणाचं होतं हे इथे कोणीतरी सांगायला हवं.

त्या पहिल्या आठवड्यात मी बारा तासांची पाळी करून पहाटे परतले. मास्कच्या दोऱ्यांनी कानामागची कातडी सोलली होती. फाटकाला कुलूप. कुलपाच्या वर कागद चिकटवलेला: रुग्णालयात काम करणाऱ्यांनी बाहेर सोय पाहावी. कागद ओला होता, डिंक अजून वाळला नव्हता, म्हणजे मी येण्याच्या थोडाच वेळ आधी कोणीतरी येऊन लावला होता. मी हाका मारल्या. वर तीन घरांचे दिवे लागले आणि तिन्ही विझले. पाऊण तास मी फाटकाशी पिशवी घेऊन उभी होते. माझी मुलगी आत झोपली होती.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दोरीने चादर आणि पाण्याची बाटली खाली सोडली. बोलल्या काहीच नाहीत. त्या चादरीवर मी पायरीशी सकाळपर्यंत बसले. काकूंचे उपकार मी विसरणार नाही, पण कुलूपही विसरणार नाही.

तुमच्या वहीत ‘रोज बाहेर जावंच लागणारी माणसं’ असा रकाना होता का?

सरळरेघ

ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. वस्तीने तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. पण मुद्दा भावनेचा नाही. त्या दिवसांत सगळ्यात जास्त संसर्ग कुठे होता? रुग्णालयातच. तिथून रोज येणारं माणूस शंभर घरांच्या एका जिन्यावरून चढत असेल, तर त्या जिन्यावरच्या आजारी, म्हाताऱ्या माणसांनी घाबरायचं नाही का? माझ्या वडिलांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी होती. मीही कुलपाच्या बाजूने उभा राहिलो असतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

रात्रपाळी

लाज वाटावी म्हणून लिहिलं नाही. पण तुमच्या वडिलांना आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागत असणार. ते मशीन चालवणारी माणसंही पाळी संपली की कुठल्या तरी जिन्यावरून घरीच चढतात. त्या जिन्यालाही कुलूप लागलं तर दुसऱ्या दिवशी मशीनवर कोण?

सूक्ष्मदर्शी

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून बोलताहेत, ती म्हणजे साथ ही एकाच जातीची असते. तसं नसतं. दार लावून उपयोग होईल की नाही, हे रोगावर ठरतं.

२००३ ची सार्सची साथ बघा. त्यात रुग्ण संसर्ग देतो तो मुख्यतः लक्षणं दिसल्यानंतर. म्हणून ताप आलेल्यांना शोधून वेगळं ठेवलं, त्यांच्या संपर्कातल्यांवर नजर ठेवली, आणि त्या वर्षीच्या जुलैपर्यंत साखळी तुटली. आठ हजारांच्या आसपास रुग्ण, आणि साथ संपली. इबोलाही लक्षणांआधी पसरत नाही. कोविड मात्र लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो आणि काहींना लक्षणं येतच नाहीत. फाटकावर कपाळाला तापमापक लावून असा माणूस सापडत नाही. प्लेगचं तर आणखी वेगळं, तो मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमधून येतो आणि उंदीर फाटक मानत नाहीत.

अडचण ही की पहिल्या पंधरा दिवसांत नेमकं हेच कोणाला नीट माहीत नसतं. २०२० मध्ये लोक पिशव्या आणि दाराच्या कड्या पुसत बसले होते आणि बंद खोलीतल्या हवेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. काही ठिकाणी तर माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं गेलं. त्याने शरीरात शिरलेल्या विषाणूला काही होत नाही, डोळे आणि कातडी मात्र भाजते. म्हणून मी पाणवठा यांच्याशी अर्धा सहमत आहे: माहिती नसताना गर्दी टाळणं हा सगळ्यात कमी नुकसानीचा उपाय. इन्फ्लुएंझाच्या त्याच साथीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबर १९१८ ला युद्धकर्जासाठीची मिरवणूक रद्द केली नाही, दोन लाखांच्या आसपास माणसं रस्त्यावर आली आणि काही दिवसांतच तिथली रुग्णालयं भरून गेली. सेंट लुईसने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा आणि सभागृहं बंद केली, तिथे मृत्यूचं प्रमाण बरंच कमी राहिलं.

पण गर्दी टाळणं वेगळं आणि ठरावीक माणसं टाळणं वेगळं. या चर्चेत दोन्हींची सरमिसळ होतेय.

जुनी पानं

दार लावायचं म्हटलं की इंग्लंडमधल्या ईम गावाचं नाव निघतंच, म्हणून मीच काढतो. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग आला असं मानतात. जून १६६६ मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला पटवलं की आपण बाहेर जायचं नाही, म्हणजे आजूबाजूची गावं वाचतील. सीमेवरच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवत. बाहेरचे लोक सामान ठेवून नाणी उचलून नेत. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने त्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी पुरली.

ही गोष्ट नेहमी त्यागाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीन रुग्णांची सेवा करता करता गेली. पण एक तपशील बहुतेक वेळा गाळला जातो. मॉम्पेसन यांनी स्वतःची मुलं त्याआधीच गावाबाहेर पाठवली होती. हॅनकॉक बाईंना आपली मुलं पाठवायला जागा होती का?

माझा पाणवठा यांना प्रश्न एवढाच: तुमच्या वस्तीत दार लावायचं हे ज्या बैठकीत ठरलं, तिथे कोण कोण होतं? ज्यांना घरात बसून पगार मिळणार होता तेच ना?

खारूताई

वरच्या प्रश्नाला जोडून. आपल्याकडचं १८९७ चं पुणं विसरू नका. तेव्हाही काम झालं ते वरच्या हुकमाने: सैनिक घरात शिरून झडती घेणार, आजारी दिसला की उचलून नेणार. झालं काय? लोकांनी रुग्ण लपवले. घरातलं माणूस गेलं तरी लपवलं. हुकूम जितका कडक, तितकी साथ आडोशाला गेली. रँड यांच्या खुनापर्यंत प्रकरण गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी, त्याच परिसरात सावित्रीबाई फुले मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांना आणत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. साथीत वस्ती कशी वागते हा विषय निघाला की मला फाटक आठवत नाही, त्या आठवतात.

सरळरेघ

आदर आहेच. पण प्रत्येकाकडून सावित्रीबाईंची अपेक्षा ठेवून नियम करता येत नाहीत. नियम तुमच्या-माझ्यासारख्या घाबरणाऱ्या माणसांसाठी करायचे असतात.

खारूताई

हे मान्य. मग घाबरणारा माणूस ताप लपवणार, हेही धरूनच नियम करा.

मधली वाट

लायबेरियातला प्रकार थोडक्यात सांगते, इबोलाच्या वेळचा. ऑगस्ट २०१४ मध्ये मनरोव्हिया शहरातली वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती सरकारने एका रात्रीत तारांनी वेढली. सकाळी लोक उठले तर बाहेर सैनिक. दंगल झाली, गोळीबार झाला, एका पोराचा जीव गेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. पुढे शहरातल्या वस्त्यांनीच घरोघर फिरून आजारी कोण, बाहेरून कोण आलं याची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि त्या कामाचा साथ आटोक्यात यायला मोठा हातभार लागला. अंत्यसंस्कारांचंही तसंच. सुरुवातीला पांढऱ्या पोशाखातली माणसं येऊन मृतदेह नुसता उचलून न्यायची, म्हणून लोक रात्री गुपचूप पुरायचे आणि त्यातून लागण व्हायची. धर्मगुरूंना बरोबर घेऊन, घरच्यांना लांबून का होईना प्रार्थना करू देऊन नियम बदलले, तेव्हा लोक स्वतः कळवायला लागले.

ज्याला लागू करायचं त्याला विचारलं, एवढाच फरक पडला. पाणवठा यांच्या वहीचा मला आदर वाटतो, त्यांच्या कुलपाचा नाही.

पाणवठा

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. जुनी पानं यांचा प्रश्न टाळत नाही. बैठकीला आम्ही नऊ जण होतो. नऊही जण घरून काम करू शकणारे किंवा निवृत्त. घरकाम करणाऱ्या बायका, रखवालदार, रिक्षावाले, यांच्यापैकी कोणीच नव्हतं. बोलवावं असं सुचलंही नाही.

आणि कापडाची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती, ती पूर्ण करतो.

तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहायचे. निळं कापड, रोज नऊच्या आधी, एकही दिवस चुकले नाहीत. मी खालून हात करायचो, ते वरून करायचे. एके दिवशी कापड होतं पण हात हलला नाही, म्हणून मी वर गेलो. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. चार दिवस ताप होता. भिंतीला धरत खिडकीपर्यंत जाऊन कापड बांधायचे आणि परत पडून राहायचे. मी रागावलो, का नाही सांगितलं म्हणून. त्यांनी फाटकावरच्या फळ्याकडे बोट दाखवलं. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘कोणाला ताप असल्यास त्वरित कळवावे. घर सील करण्यात येईल.’

दोन वाक्यं शेजारी शेजारी. पहिलं वाचून कळवावंसं वाटावं आणि दुसरं वाचून लपवावंसं. आजोबा वाचले, कारण रुग्णालयात वेळेत खाट मिळाली. त्यात माझं काही श्रेय नाही.

तरी लवकर थांबवण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. सामोआचा किनारा मी विसरू शकत नाही. पण पुढच्या वेळी वहीत पहिला रकाना बाहेर जावं लागणाऱ्यांचा असेल, आणि त्यांच्यासाठी वस्तीतलंच एक रिकामं घर तयार ठेवू: वेगळा जिना, मोठ्या खिडक्या, बिछाना, गरम पाणी. भाडं सगळ्यांनी मिळून. फळ्यावरचं दुसरं वाक्य बदलून असं लिहिणार: ‘औषध, पाणी आणि डबा दाराशी पोचेल. नाव कोणालाही सांगितलं जाणार नाही.’

सरळरेघ

घर सील न करता साखळी तुटणार कशी, हे मला अजून पटलेलं नाही. वेगळ्या घराची कल्पना चालेल. माझ्या वाट्याची वर्गणी मी देईन.

सूक्ष्मदर्शी

आजारी माणसाने घरात थांबायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण आपणहून थांबलेला माणूस पहिल्या दिवशी थांबतो. सील होईल म्हणून लपलेला पाचव्या दिवशी सापडतो, आणि तोवर पसरवायचं ते पसरवून झालेलं असतं.

रात्रपाळी

पाणवठा, आजोबांबद्दल लिहिलंत, बरं केलंत.

वेगळ्या घराबद्दल तीन गोष्टी. एक, तिथून मुलांची खिडकी दिसली पाहिजे. मी नंतर सतरा दिवस बाहेर राहिले, तेव्हा सगळ्यात जास्त हेच हवं होतं. दोन, तिथे राहायचं की आपल्या घरी, हे त्या माणसाने ठरवायचं, बैठकीने नाही. तीन, त्या घराची आणि फाटकाचीही एक किल्ली आमच्याकडे असली पाहिजे. पहाटे साडेचारला हाका मारायची वेळ परत यायला नको.