‘टु द बिटर एंड’ या वाक्प्रचाराच्या उगमाविषयी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. जुन्या इंग्रजी वाक्प्रचारांवर मराठीत टिपणे लिहिताना मी ‘टु द बिटर एंड’ पाशी अडलो आहे. कितीही सोसावे लागले तरी अखेरपर्यंत टिकून राहणे, हा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न आहे तो ‘बिटर’चा.

शिडाच्या जहाजांवर नांगराचा जाड दोर ज्या भक्कम लाकडी खुंटांना गुंडाळत, त्यांना ‘बिट्स’ म्हणत. कॅप्टन जॉन स्मिथ याने 1627 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नौकानयनावरील पुस्तकात त्या खुंटांभोवतीच्या वेढ्याला ‘बिटर’ आणि दोराच्या जहाजातच राहणाऱ्या भागाला ‘बिटर्स एंड’ म्हटले आहे. दोर तिथवर सुटला की पुढे सोडायला काहीच उरत नाही, हे चित्र मला मनापासून पटते. मात्र 1611 च्या इंग्रजी बायबलात, नीतिसूत्रांच्या पाचव्या अध्यायात, परस्त्रीच्या मोहाचा शेवट दवण्यासारखा कडू असतो असे वचन आहे आणि तिथला कडूपणा अगदी शब्दशः आहे.

हा वाक्प्रचार आजच्या अर्थाने वापरलेला एखादा जुना उतारा कोणाच्या वाचनात आला असेल, तर तो सालासह कळवावा, म्हणजे त्यात दोर अभिप्रेत आहे की कडवटपणा, हे पडताळता येईल. तसेच कोकण-गोव्यातील नाखवा मंडळी होडीतल्या अशा खुंटाला आणि दोराच्या आतल्या टोकाला काय म्हणतात, हेही जाणकारांनी कृपया सांगावे. मराठी प्रतिशब्द देताना मला तोच बोलीतला शब्द वापरायचा आहे.