लॅपटॉपची यादी आधी, की जनरेटरची?

वेर्ण्याचा मेंटेनन्सवाला: परवा एका सल्लागार महाशयांनी लिहिलं, की सगळ्याच छोट्या-मध्यम धंद्यांनी हार्डवेअर असेट मॅनेजमेंट, म्हणजे संगणक-लॅपटॉपची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यावं; एंटरप्राइझ असेट मॅनेजमेंट (ईएएम), म्हणजे यंत्रांची नोंद आणि देखभाल दोन्ही सांभाळणारं, ही रिफायनरीवाल्यांची चैन. साहेब, किनाऱ्यावरच्या पन्नास खोल्यांच्या हॉटेलात लॅपटॉप किती? सात-आठ. आणि एसी, पंप, चिलर, लिफ्ट, बॉयलर, जनरेटर? डिसेंबरात जनरेटर बसला तर पाहुणा पैसे परत मागतो, रिसेप्शनचा संगणक बसला तर वहीत नोंद होते. यादीत सिरीयल नंबर आणि वॉरंटी असून भागत नाही. जनरेटरचं तेल कधी बदलायचं हे चालू तास आणि महिने, जे आधी भरेल त्यावर ठरतं. तो हिशेब, सुटे भाग, वर्क ऑर्डर (कुणी कधी काय दुरुस्त करायचं त्याची चिठ्ठी) हे सगळं ईएएममध्येच येतं.

पर्वरीचा आयटीवाला: वहीत नोंद! त्या संगणकात पाहुण्यांचे पासपोर्ट स्कॅन करून ठेवलेले असतात, ते विसरलात. नोकरी सोडणारा लॅपटॉप घेऊन गेला तर तुमची वर्क ऑर्डर काय करणार? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. किती मशिन्स अजून त्यावर आहेत, विचारा कुणालाही, सगळे छताकडे बघतात. लॅपटॉपच्या नोंदीचं स्नाइप-आयटी सॉफ्टवेअर फुकट आहे, आठवड्यात उभं राहतं. तुमचं मॅक्सिमोसारखं ईएएम बसवायला माणसं कुठून आणणार? शिवाय २०२२ चे ई-कचरा नियम आहेतच.

फोंड्याचा हिशेबनीस: त्या नियमांतला मोठा ग्राहक म्हणजे वर्षात कधीही किमान हजार विजेची-इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरणारा. सात लॅपटॉपवाल्याला कशाला घाबरवता? खरं दुखणं निराळं आहे. आयकरात संगणकाला ४० टक्के घसारा, साध्या यंत्राला १५. एका अशिलाच्या रजिस्टरात बारा एसी, प्रत्यक्षात नऊ. तीन कधीच भंगारात गेलेले, पण घसारा चालूच. आधी मोजा, मग सॉफ्टवेअर घ्या!

कळंगुटची मालकीण: मोजणार कसे? आम्ही क्यूआरचे स्टिकर लावले. जूनमध्ये लावलेले चतुर्थीपर्यंत गळून पडले. छतावरच्या युनिट्सवर तर कोरा कागद उरला.

वेर्ण्याचा मेंटेनन्सवाला: कागदी लावलेत ना? पॉलिएस्टर घ्यायचं. नाहीतर अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, रिव्हेट मारून.

कळंगुटची मालकीण: रिव्हेटसाठी एसीला भोक पाडलं तर वॉरंटीवाला हात वर करतो. अनुभवाने सांगते.

पर्वरीचा आयटीवाला: म्हणून आरएफआयडी घ्या, रेडिओ लहरींनी वाचता येणारे टॅग. चिकटवायचे, भोकाचा प्रश्नच नाही.

वेर्ण्याचा मेंटेनन्सवाला: साधा आरएफआयडी टॅग लोखंडावर चिकटवून वाचून दाखवा! धातूवर चालणारा वेगळा येतो, महाग. एसीत बसून सल्ले देणं सोपं असतं.

पर्वरीचा आयटीवाला: आणि ग्रीसचे हात दाखवून प्रत्येक वाद जिंकता येत नाही. माझ्या काकांचा बार्जचा, म्हणजे खनिज वाहणाऱ्या बोटींचा धंदा होता. २०१२ ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा बार्ज, इंजिन, सुटे भाग कुठे काय आहे ते फक्त जुन्या फोरमनच्या डोक्यात. तो गावी गेला. विकताना अर्धं सामान सापडलंच नाही.

फोंड्याचा हिशेबनीस: म्हणजे तुमच्या काकांना ईएएम हवं होतं. बार्जचं इंजिन काही लॅपटॉप नव्हे.

पर्वरीचा आयटीवाला: बरं बाबा, बार्जला ईएएम. खूश? पण ज्याचा धंदाच संगणकावर चालतो, पर्वरीतलं सॉफ्टवेअरचं ऑफिस समजा, त्याने चिलरचे तास मोजत बसावं?

वेर्ण्याचा मेंटेनन्सवाला: तिथे घ्या तुमचं हार्डवेअरवालं, कोण नको म्हणतंय? भाड्याच्या जागेत चिलर मालकाचा. माझा राग 'सगळ्यांनी घ्यावं' यावर होता. जे बंद पडल्यावर गल्ला थांबतो ते आधी नोंदवा. औषध कारखान्यात कॅलिब्रेशनची, म्हणजे मोजमापाची उपकरणं तपासून घ्यायची तारीख हुकली तर ऑडिटर तुमच्या लॅपटॉपकडे ढुंकूनही बघत नाही.

कळंगुटची मालकीण: तुमचं तत्त्वज्ञान झालं असेल तर पट्टीचं सांगा. स्टील चालेल का?

वेर्ण्याचा मेंटेनन्सवाला: ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील नको, खाऱ्या वाऱ्यात तांबूस डाग धरतं. ३१६ जातीचं घ्या, नंबर लेझरने कोरून. भोक न पाडता पाइपला स्टीलच्याच टायने बांधा.

कळंगुटची मालकीण: म्हापशात कोण करून देतं? एकेका पट्टीसाठी ताटकळत ठेवणारा नको, मला साठ हव्यात.